नऊ पाट्यांवरची एक गोष्ट

शकुंतलाबाई हिरेमठांच्या वाचनमंडळात नियम एकच होता. चर्चेला बसायचं ते गोष्टी वाचायची इलेक्ट्रॉनिक पाटी पिशवीत ठेवून. वाचलेलं डोक्यात राहिलं असेल तर बोला, नसेल तर चहा प्या आणि ऐका. बाईंनी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं. पुस्तकात बोट घालून उत्तर देणाऱ्या मुलांवरचा त्यांचा राग निवृत्तीनंतरही उतरला नव्हता.

त्या रविवारी सोलापुरातल्या त्यांच्या गच्चीवर नऊ जण जमले होते. गोष्ट होती थान यूएलान या चिनी लेखिकेची, ‘पठारावरचा मिस्त्री’. गेली दोन वर्षं मंडळ चिनी विज्ञानकथाच वाचत होतं. पूर्वी या कथा इंग्रजीतून मराठीत यायच्या, दोनदा गाळलेल्या चहासारख्या. आता चीनमध्ये छापून आल्या की आठवड्याच्या आत यंत्राच्या भाषांतरानं पाटीवर थेट मराठीत उतरायच्या. त्यांतले परग्रह मंडळाला फारसे रुचले नव्हते. पण कारखान्यांची वसतिगृहं, परीक्षांनी पिचलेली पोरं, आईबापांना गावी ठेवून आलेले कामगार, खिडकीआडचे खडूस कारकून ही सगळी माणसं ओळखीची वाटायची.

या गोष्टीत एक मिस्त्री होता. दूरच्या पठारावर शंभर पवनचक्क्यांची देखभाल करत एकटा राहणारा. त्याच्या मुलीची चंद्राच्या पाठीवरच्या दुर्बिणीवर सात वर्षांसाठी निवड होते. जायचं तर जवळच्या नातेवाइकाची सही असलेला कागद लागतो, आणि तो कागद बापाच्या टेबलावर येऊन पडतो.

“आईनं फार सोसलं हो त्यात,” शकुंतलाबाई म्हणाल्या. गोष्टीत आई कुठून आली, असं दोघांतिघांच्या मनात आलं. पण बाईंचं वय पंच्याहत्तर, म्हणून कुणी टोकलं नाही.

“मिस्त्रीनं जे केलं तेच बरोबर,” नरसय्या येमूल म्हणाले. “मी असतो तर मीही तेच केलं असतं.”

शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीच्या, पद्मजाच्या, हातातला कप ओठांपर्यंत जाऊन थांबला. कारण मिस्त्रीनं काय केलं ते तिला चांगलं आठवत होतं. त्यानं तो कागद तेलाच्या डब्यामागं लपवला होता. मुलीला तो सापडतो. ती काही न बोलता जिथल्या तिथं ठेवते, आणि राहते.

पद्मजा सत्तावीस वर्षांची. प्रकाशशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेली, डोळ्यांच्या एका दवाखान्यात तपासणीची यंत्रं सांभाळणारी. महिन्यापूर्वी तिची अंटार्क्टिकावर निवड झाली होती. तिथल्या बर्फाच्या पठारावर सात देशांनी मिळून दुर्बीण उभारली होती, आणि तिच्या आरशांवर धरणारं हिम ओळखून काढायला माणसं हवी होती. मुदत अठरा महिने. त्यातले आठ महिने तिथं विमान उतरत नाही. आत असलेला माणूस आतच.

आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. भाऊ नव्हता, बहीण नव्हती. नाना म्हणजे नरसय्या, वय चौसष्ट. त्यांनी चाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मागांवर काढली होती आणि त्या खडखडाटात कान गमावले होते. येमूलांच्या घरात तेलुगू चालायचं आणि भांडण मराठीत. पण दोन्ही इतक्या मोठ्यानं, की कुठलीच गोष्ट घरात राहायची नाही. सकाळी नानांना बद्धकोष्ठाचं औषध विचारलं तर दुपारी समोरच्या मंगाबाई उपाय सांगायला यायच्या. त्यामुळं बापलेकीनं एक रीत पाडून घेतली होती. मनातलं थेट बोलायचं नाही. गोष्टीतल्या माणसाच्या नावावर बोलायचं. आईच्या दुखण्यातही त्यांनी एकमेकांना धीर दिला तो कुठल्याशा अवकाशयानातल्या म्हाताऱ्या डॉक्टरबद्दल बोलून. गल्लीला काय कळणार?

तेव्हा नाना काय म्हणाले ते पद्मजाला बरोब्बर कळलं. कागद लपवणारा बाप त्यांना पटला होता. जाऊ नकोस, एवढंच ते सांगत होते.

सोमवारी सकाळी तिनं प्रकल्पाच्या पुण्यातल्या कार्यालयाला चार ओळी लिहिल्या: घरगुती कारणामुळं येऊ शकत नाही, क्षमस्व. उत्तर तासाभरात आलं. तुमचं नाव येत्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत राखून ठेवतो, त्यानंतर पुढच्या उमेदवाराला कळवू. पद्मजानं ते बंद केलं आणि दिवसभर लोकांचे पडदे तपासत राहिली. डोळ्यांतले.

बुधवारी जेवताना नानांनीच विषय काढला.

“त्या बर्फवाल्यांना कळवलंस का?”

“कळवलं.”

“काय?”

“येत नाही म्हणून.”

नानांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “का?”

“का म्हणजे? तुम्हीच तर म्हणालात. मिस्त्रीनं केलं ते बरोबर.”

“मग? सही केली त्यानं!”

“सही कुठं केली, नाना? कागद लपवला.”

“कुणी लपवला? टेबलावर बसून, दिवा ओढून, सही केली. पोरगी खालून हात हलवते. मी दोनदा वाचलंय. तू झोपेत वाचलंस का?”

“मी झोपेत? तेलाच्या डब्यामागं ठेवला त्यानं कागद!”

“तेलाचा डबा कुठनं आला? गोष्टीत तेलाचा डबाच नाही!”

समोरच्या खिडकीत मंगाबाईंचा दिवा लागला. पद्मजा उठली, दोन्ही पाट्या घेऊन आली आणि ताटांच्या मध्ये शेजारी शेजारी ठेवल्या.

गोष्ट एकच होती. लेखिका एकच, पहिलं पान जवळजवळ सारखं. चौथ्या पानापासून वाक्यं थोडी वेगळी व्हायला लागली होती. अकराव्या पानावर तिच्या पाटीतला मिस्त्री बाहेर वारा ऐकत उभा होता आणि नानांच्या पाटीतला पेन शोधत होता. शेवट तर दोन निरनिराळ्या माणसांनी लिहिल्यासारखे.

नानांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. “हे कुणी केलं?”

पद्मजाला उत्तर अर्धं माहीत होतं. उरलेलं तिनं गुरुवारी दवाखान्यातून लवकर सुटून, पाट्यांच्या कंपनीची माहितीपत्रकं चाळून शोधून काढलं.

वाचताना डोळा ओळीवरून घसरत जात नाही. उड्या मारत जातो. सेकंदाला तीनचार उड्या, आणि दोन उड्यांच्या मध्ये पाव सेकंदाचा थांबा. अवघड शब्द आला की थांबा लांबतो. मन गुंतलं किंवा दुखावलं की बाहुली किंचित मोठी होते, मिलिमीटरचा एखादा अंश. हे माणसाच्या हातात नसतं. पाटीच्या वरच्या कडेला बसवलेला कॅमेरा हे सगळं मोजत होता. त्याला कंपनी ‘जुळवणी’ म्हणायची, आणि सुरुवातीला ती चांगलीच होती. अडखळणाऱ्याला सोपा शब्द द्यायची, जाणत्याला नेमका.

भाषांतर करणारं यंत्र प्रत्येक वाक्याला वीसपंचवीस पर्याय काढतं आणि प्रत्येकाला गुण देऊन सर्वांत वरचा निवडतं. आधी हे गुण फक्त मूळ वाक्याशी असलेल्या इमानाला मिळायचे. मग कंपनीच्या लक्षात आलं की लोक शेवटच्या पानांवर येऊन गोष्टी सोडून देतात, विशेषतः बोचणाऱ्या. दीड वर्षापूर्वी त्यांनी गुणांत दुसरी बाब घातली: हा वाचक या वाक्यानंतर पुढचं वाक्य वाचेल का? तिचं वजन अगदी थोडं ठेवलं. पण निवडलेलं प्रत्येक वाक्य पुढच्या वाक्याचा पाया होतं, त्यामुळं थोडं थोडं साचत गेलं.

नानांना हे समजावून सांगावं लागलं नाही. “मागावर ताण एका बाजूला केसभर कमी असला की पहिल्या टॉवेलात दिसत नाही,” ते म्हणाले. “पन्नासाव्यात किनार तिरकी येते. आणि गिऱ्हाईक परत पाठवतं.”

“हे गिऱ्हाईक परत पाठवत नाही, नाना. त्याला तिरकीच आवडते.”

सगळ्यात बोचलं ते निराळंच. एकटा म्हातारा जिथं जिथं आला तिथं पद्मजाचे डोळे रेंगाळले होते, म्हणून यंत्रानं तिला बापाला न सोडणारी मुलगी दिली. कोरा कागद जिथं आला तिथं नानांचे डोळे अडले होते, म्हणून त्यांना अडवणूक न करणारा बाप दिला. दोघांनाही आपापल्या मनाची टोचणी काढून दिली होती. आणि दोघांनी तीच एकमेकांच्या मनातली गोष्ट समजून घेतली.

तिनं कंपनीला तक्रार लिहिली. उत्तर लगेच आलं: सांस्कृतिक अनुरूपता हा आमच्या सेवेचा भाग असून तो अटींमध्ये नमूद आहे, जुळवणी बंद करण्याची सोय सध्या नाही, आपलं वाचन आनंदाचं होवो.

गुरुवारी संध्याकाळीच तिनं शकुंतलाबाईंना गळ घालून मंडळ बोलावलं.

“पाट्या बाहेर काढा,” ती म्हणाली.

“नियम आहे, पद्मजा,” बाई म्हणाल्या.

“त्या नियमामुळंच दीड वर्ष कुणाला कळलं नाही, बाई. आपण शेवटांवर भांडलो, आणि प्रत्येकाला वाटलं समोरच्याला गोष्ट कळलीच नाही.”

नऊ पाट्या सतरंजीवर मांडल्या गेल्या. नऊ शेवट निघाले. बँकेतल्या देवरुखेंच्या गोष्टीत मुलगी चंद्रावर जाऊन वर्षभरात बढती घेऊन परत येत होती. नुकतंच लग्न ठरलेल्या अनघाच्या गोष्टीत एक पायलट होता, जो बाकी कुणाच्याच गोष्टीत नव्हता. आणि शकुंतलाबाईंच्या गोष्टीत मिस्त्री बाई होती.

“तरी मी म्हणत होते, ‘आई’ म्हटलं की तुम्ही सगळे माझ्याकडं असं काय बघता!”

“आम्हाला वाटलं, तुम्ही विसरता,” अनघा म्हणाली.

“मला काय विस्मरण झालंय? विस्मरण त्या डबड्याला झालंय!” बाईंनी पाटी उलटी करून ठेवली. त्यांचा मुलगा बारा वर्षं कॅनडात होता हे सगळ्यांना माहीत होतं.

देवरुखेंनी आपली पाटी छातीशी धरली. “मी काय म्हणतो, बिघडलं काय? वाचून बरं वाटलं ना? माझा शेवट मला आवडला. तुम्ही तो का काढून घेता?”

“काढून घेत नाही, काका,” पद्मजा म्हणाली. “ठेवा तुमच्याकडं. मला फक्त त्या बाईनं काय लिहिलंय ते हवंय.”

“चिनी येतं का तुला?”

“नाही.”

“मग?”

“मग शिकते. रविवारी सहापर्यंत जेवढं येईल तेवढं.”

मूळ गोष्ट लेखिकेनं आपल्या संकेतस्थळावर ठेवलेली होती, कुणालाही उतरवून घेता येईल अशी. पद्मजानं शेवटची दीड पानं कागदावर मोठ्या अक्षरांत छापून घेतली. चारशे सहा चित्राक्षरं. यंत्राला विचारलं असतं तर दोन सेकंदांत मराठी आलं असतं, पण ते पुन्हा तिच्या डोळ्यांकडं बघूनच. म्हणून तिनं साधा जुना शब्दकोश घेतला. एका अक्षराला अर्थ विचारा, तो अर्थ सांगेल आणि गप्प बसेल. वाचणाऱ्याला बरं वाटलं की वाईट, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

शुक्रवारी तिनं रजा टाकली. नानांनी टॉवेलच्या नमुन्यांची जुनी वही आणली, तिच्यातले चौकोन आखलेले होतेच. ती अक्षर शोधायची, मोठ्यानं अर्थ सांगायची, आणि नाना एका चौकोनात एक अर्थ लिहायचे. वारा. न. थांबणे. बाप. हात. कागद. एकेका अक्षराला चारचार अर्थ निघाले की नाना चौकोनाबाहेर बारीक अक्षरात बाकीचे लिहीत. मागावर नवा नमुना चढवताना ते असेच बसायचे. घाई केली की सगळा ताणा फुकट, असं म्हणत.

“ही बाई फार छोटी वाक्यं लिहिते,” शनिवारी दुपारी नाना म्हणाले. “माझ्या पाटीत लांबलचक होती.”

“माझ्याही.”

“मग एवढं मध्ये कुणी घातलं?”

संध्याकाळपर्यंत वाक्यं उभी राहिली, लंगडत का होईना. एका ठिकाणी मात्र गाडी अडली. सगळा शेवट ज्यावर उभा होता तेच वाक्य दोघांना पटेना. शब्द लागत होते, पण असं कुणी लिहील का? शेवटी नाना म्हणाले, “मणियारांच्या इरफानला विचार.” इरफान मणियार टॉवेल निर्यातीच्या कामासाठी आठ वर्षं ग्वांगझोऊत राहून आला होता. पद्मजानं त्याला छापील पानाचा आणि नानांच्या वहीचा फोटो धाडला. पाच मिनिटांत त्याचा आवाज आला, हसत हसत.

“ताई, ही ओळ तर मला झोपेत येते. तिथल्या खिडकीवरच्या बाईनं मला ती तीनदा ऐकवलीय. ‘हे गेल्या वर्षीच रद्द झालं.’ म्हणजे कागद आणलात, पण त्याची आता गरजच नाही. बरोबर लावलंय तुम्ही. आणि नाना, तुमचं अक्षर अजून तसंच सुंदर आहे हां!”

रविवारी दुपारी पद्मजानं नानांना अख्खा शेवट वाचून दाखवला. तो असा होता. मिस्त्री सही करत नाही, लपवतही नाही. तीन दिवस तो कागद खिशात घेऊन पवनचक्क्यांवर चढतो-उतरतो. चौथ्या दिवशी मुलगी तो त्याच्या खिशातून काढते आणि कोराच घेऊन शहरातल्या कार्यालयात जाते, भांडायच्या तयारीनं. खिडकीआडची बाई कागदाकडं बघतसुद्धा नाही. नातेवाइकाची सही? हे गेल्या वर्षीच रद्द झालं. पुढचा नंबर. मुलगी तो कोरा कागद हातात घेऊन रस्त्यावर येते. बापाला फोन करावा की नाही, ते तिला कळत नाही. गोष्ट तिथं संपते.

नानांनी चष्मा काढून हातात घेतला. मग त्यांना हसू फुटलं. पोट धरून, खोकला येईपर्यंत हसले.

“हे खरं!” ते म्हणाले. “हे अगदी खरं. आमच्या कारखान्यात असंच. तीन दिवस झोप नाही, आणि साहेब म्हणणार, कोण मागत होतं तुझा अर्ज?” डोळे पुसताना त्यांचा हात थोडा जास्त वेळ डोळ्यांवर राहिला. “म्हणून काढलं होय यंत्रानं. कुणाला आवडणार?”

“तुम्हाला आवडलं.”

“मला आवडलं नाही. मला पटलं.”

घड्याळात साडेचार झाले होते. पद्मजानं वही मिटली.

“नाना, आता गोष्टीतल्या कुणाबद्दल बोलायचं नाही. मी जावं की जाऊ नये, तुम्हाला काय वाटतं?”

“खिडक्या उघड्या आहेत.”

“असू देत.”

नानांनी वही आपल्याकडं ओढली, परत सरकवली. पद्मजानं त्यांच्या तोंडात शब्द घातले नाहीत. समोर मंगाबाईंनी कपडे झटकायचे थांबवले होते.

“जाऊ नयेस, असं वाटतं,” नाना म्हणाले. मोठ्यानं, स्पष्ट. “तुझी आई गेल्यावर घर मला खायला उठतं. तू असलीस की नाही. अठरा महिने म्हणजे मला भीती वाटते. माझीपण आणि तुझीपण. विचारलंस म्हणून सांगितलं.”

आठवड्याभरापूर्वी एवढ्यावरच ती मागं फिरली असती. नव्हे, याच्याहून कमी कारणावर, एका तेलाच्या डब्यावर, ती फिरलीच होती. पण तो डबा खरा नव्हता, आणि हे खरं होतं. खऱ्यावर पाय देऊन उभं राहता येत होतं.

“ऐकलं,” ती म्हणाली. “आणि मी जातेय, नाना. मला ते काम करायचंय. तुम्ही हो म्हणाल म्हणून थांबले नव्हते, नाही म्हणाल म्हणूनही थांबणार नाही. पण तुम्हाला काय वाटतं हे ठाऊक नसताना गेले असते, तर आयुष्यभर चुकीच्या माणसाची माफी मागत बसले असते.”

“मग विचारलंस कशाला?”

“परवानगी नव्हती मागत. तुम्हाला विचारत होते.”

तिनं पुण्याच्या कार्यालयाला लिहिलं: माझा नकार मागं घेते, मी येत आहे. पाठवून झाल्यावर स्क्रीन नानांसमोर धरली. त्यांनी ओळीखाली बोट फिरवत ते दोनदा वाचलं. मग उठून मोरीवर गेले, तोंड धुतलं, आणि बराच वेळ पंच्यानं पुसत राहिले.

“मी रागावणार आहे,” बाहेर येऊन ते म्हणाले. “आत्ताच सांगून ठेवतो. पहिले दोनतीन महिने तरी.”

“रागवा. पण लिहून कळवा.”

“लिहीन की. तेलुगूत लिहीन आणि शिव्या मराठीत लिहीन.” त्यांनी पंचा दोरीवर टाकला, त्याची कड सरळ केली. “फक्त मी लिहिलेलं तुझ्यापर्यंत जसंच्या तसं आलं पाहिजे. त्यात कुणी साखर घातली, तर बघ.”